तिकडे लग्न कुणाचं होतं, सुकरे?

सुकरे, तू गेलीस हे मला तांदूळ निवडताना कळलं. गवताच्या गाडीबरोबर आलेला तुझ्या पाड्याचा माणूस खानावळीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "बाय, सुकरी गेली. ताप होता." मी त्याला पाण्याचा तांब्या दिला, पाटावर बसवलं आणि उरलेले तांदूळ निवडून पुरे केले. गिरणीच्या दुसऱ्या पाळीची माणसं जेवायला यायची होती. रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आधी आला तो राग. माझा एक प्रश्न तू काही वर्षं नुसता टांगून ठेवला होतास आणि आता उत्तर न देताच निघून गेलीस.

आदल्या आठवड्यात आमच्या चाळीत पेढे वाटले होते. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झाला होता. जिन्यावरची तोरणं वाळली होती, पण ती काढायचं कुणाच्या मनात नव्हतं.

मग गिरगावात तुझी शोकसभा झाली. तुला परदेशी पाठवणाऱ्या आपल्या मंडळाच्या अध्यक्ष सुमतीबाई बोलल्या. छान बोलल्या. जगाच्या व्यासपीठावर घुमलेला रानावनातला आवाज, असं काहीतरी म्हणाल्या. टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून लोकांनी माना हलवल्या. मी मागे बसून विचार करत होते की घुमला हे खरं, पण तो आवाज म्हणत काय होता? एवढ्या माणसांत हे कुणालाच विचारावंसं वाटलं नाही याचं मला नवल वाटलं. म्हणून हे तुलाच लिहितेय. तुला वाचता येत नव्हतं, तेव्हा तू असतीस तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं.

तू पहिल्यांदा परळला, आमच्या भोईवाड्यात आलीस ती सभेसाठी. गवत कापणाऱ्या वारली बायांची पुढारी येणार, तिची सोय कुठे करायची, अशी मंडळात चर्चा चालली होती. सुमतीबाईंच्या घरी सोवळं होतं, म्हणून माझ्याकडे पाठवलं. मला वाटलं होतं, पुढारी म्हणजे तोंडाळ बाई असेल. तू आलीस, चुलीपाशी उकिडवी बसलीस आणि प्रश्न सुरू केलेस. हा नळ कोणाचा? पाणी बंद कोण करतं? त्याला कोणी मारत नाही का? एवढे पुरुष जेवायला येतात, त्यांच्या बायका कुठे आहेत? गावी कोकणात, म्हटलं. "मग इथं लगीन कोन लावतं?" तू विचारलंस. म्हटलं, भट लावतो. तू हसलीस. "पुरुष?"

तेव्हा मला कळलं की तुमच्यात लग्न बाई लावते. धवलेरी. ती गाणं म्हणते, त्या गाण्यातून एकेका देवाला, डोंगराला, नदीला, पाड्याला नाव घेऊन मांडवात बोलावते, आणि सगळे आले की मग लग्न लागतं. तू धवलेरी होतीस. जमीनदाराच्या माणसापुढे बायांना उभं करायचं बळ तुला कुठून आलं, असं सुमतीबाई नेहमी विचारायच्या. मला तो प्रश्न कधी पडला नाही. जिच्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय पाड्यात एकही संसार उभा राहत नाही, तिने "आज गवताला विळा लावायचा नाही" म्हटल्यावर कोण लावणार होतं?

लालबागच्या सभेत तू बोललीस आणि तिथे पाहुण्या म्हणून आलेल्या परदेशी बाईंनी ते ऐकलं. पुढच्या वर्षी युरोपात जगभरच्या बायकांची परिषद होती. तिचं तुला बोलावणं आलं. झालं, आमची धावपळ सुरू. तेव्हा संयुक्त महाराष्ट्रासाठी रोज मोर्चे निघत होते. मी सकाळी भाकऱ्या थापायची, दुपारी मोर्च्याला जायची आणि संध्याकाळी तुझी तयारी बघायची.

सुमतीबाईंची पहिली सूचना तुझ्या लुगड्याची होती. ते गुडघ्यावर होतं, घोट्यापर्यंत आणावं.

"चिखलात चालू कशी?" तू म्हणालीस.

"अगं, तिकडे चिखल नसतो."

"मग भात कुठं लावतात?"

सुमतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आमटी ढवळत होते, ढवळतच राहिले. लुगडं गुडघ्यावरच राहिलं. थंडीसाठी मी तुला लोकरी पायमोजे घेऊन दिले, ते तू बोटीवर कुणा दुसऱ्याच बाईला देऊन टाकलेस, हे मला नंतर कळलं.

दुसरी सूचना चौकाची. तुम्ही लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने देवीचा चौक लिहिता, तसा एक कापडावर काढून परिषदेला भेट द्यावा. सुमतीबाईंनी गेरूने रंगवलेलं चांगलं मांजरपाट आणलं होतं. तू ते हातात घेऊन पाहिलंस, घडी घातलीस आणि परत दिलंस.

"तिकडं लगीन कोणाचं हाय?"

"लग्न नाही गं, परिषद आहे."

"मग चौक कसा काढू? देवी येऊन बसंल. लगीन कुठं, म्हणंल. काय सांगू तिला, परिषद?"

आमच्या खानावळीचा गणपत, मालवणचा, गिरणीत साच्यावर काम करणारा, घास घेता घेता म्हणाला, "बरोबर बोलता ती. देवीक फुकट उठवूचा नाय." सुमतीबाई रुसून गिरगावला गेल्या. पण तू रेघसुद्धा ओढली नाहीस. हे मी मुद्दाम लिहिते आहे. माझा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो.

मग भाषण. सुमतीबाईंनी ते लिहिलं. वेठ बंद करा, गवताची मजुरी वाढवा, जो रान राखतो त्याला रान द्या. चांगलं होतं. मी म्हटलं, यात एक वाक्य घाला. आम्ही वारली महाराष्ट्राची लेकरं आहोत आणि मुंबई आमची आहे. सुमतीबाई म्हणाल्या, "इंदूताई, ही जागतिक परिषद आहे. घरातली भांडणं तिकडे कशाला?" मी म्हटलं, घरात कुणी ऐकत नाही, म्हणूनच तिकडे. आमची चांगलीच जुंपली. तू मध्ये बसून सुपारी कातरत होतीस. शेवटी म्हणालीस, "तुमचं झालं का सांगा. पाठ मी करनार हाय."

तू पाठ केलंस, माझ्या वाक्यासकट. दोनदा ऐकलंस आणि झालं. मी तुला खानावळीत सगळ्यांसमोर म्हणायला लावलं. पंगत हात थांबवून ऐकत राहिली. संपल्यावर गणपत मला म्हणाला, "वहिनी, आज भाषण घट्ट आणि आमटी पातळ." तू त्याच्या ताटात पळीभर आमटी ओतलीस आणि म्हणालीस, "पी, आन मग बोल."

त्या रात्री जेवणं उरकल्यावर तू मला विचारलंस, तुमचा महाराष्ट्र कुठवर आहे? मी ओल्या बोटाने फरशीवर काढून दाखवला. हा समुद्र, ही मुंबई, हे ठाणं, हा वर तुझा पाडा.

"आन माझं माहेर?"

"ते आणखी वर. तेही आपल्यातच घेणार."

"कोन घेनार?"

"आपण. लढून."

"त्यांना इचारलं?"

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, तुमची बोली मराठीच आहे. तू म्हणालीस, तुझ्या माहेरी सकाळी एक माणूस आला होता, तोही हेच सांगत होता. दुपारी दुसरा आला, तो म्हणाला तुमची बोली गुजराती आहे. "आमी दोघांना ताडी पाजली."

मला राग आला. मी तुला विचारलं, शाळा कुठल्या भाषेत हवी? कचेरीत अर्ज कुठल्या भाषेत द्यायचा? काही तरी एक ठरवावंच लागतं की नाही? तू फरशीकडे पाहत होतीस. रेघा वाळत चालल्या होत्या. म्हणालीस, "ठरव. पन मला इचारून ठरव." मी म्हटलं, चळवळीत घरोघरी विचारत बसलं तर चळवळ उभी राहत नाही. हे मला अजूनही वाटतं. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं मागे घेणार नाही.

मग तू गेलीस बोटीने. सोबत दुभाषी म्हणून सुमतीबाईंची भाची नलू. कॉलेजात शिकणारी, चुणचुणीत पोर. परत आल्यावर ती आधी माझ्याकडे आली आणि पंख्याखाली बसून तिने सगळं सांगितलं. तिचं सांगणं मला पाठ आहे.

म्हणाली, "काकू, पहिली दोन वाक्यं सुकरीबाईंनी ठरल्यासारखी म्हटली. मी भाषांतर केलं. मग त्या गप्प झाल्या. सभागृहभर बघत राहिल्या. नाना देशांच्या बायका होत्या. मला वाटलं, विसरल्या. मी पुढचं वाक्य हळूच सांगितलं. त्यांनी हाताने मला थांब म्हटलं. आणि गायला लागल्या."

"गायला?"

"लग्नातलं. मला शब्द नीटसे कळेनात. अध्यक्षबाईंनी वेळ संपल्याची घंटा वाजवली, तरी थांबल्या नाहीत. पुन्हा वाजवली. धवलेरी मध्येच थांबत नाही, हे त्यांना कोण सांगणार? मी तोंडात बोळा घातल्यासारखी उभी. मग मागून एक बाई उठल्या. उत्तरेकडच्या बर्फातल्या, लालनिळी टोपी घातलेल्या. त्यांच्याकडे हरणांचे कळप पाळतात. त्या नुसता सूर धरून उभ्या राहिल्या. मग डोंगराळ मुलखातल्या एक, त्यांच्या लोकांच्या डोंगरात खाण खणलीये. मग आणखी. सगळ्या नाही, काकू. ज्या उठल्या त्या सगळ्या अशाच होत्या, कुणाचं रान गेलेलं, कुणाची कुरणं."

"आणि मागण्या?"

"राहिल्या."

"माझं वाक्य?"

नलू पंख्याकडे बघायला लागली.

मी डोक्याला हात लावला. एवढा खटाटोप, एवढी वर्गणी, आणि वर्तमानपत्रात आलं काय, तर भारताच्या प्रतिनिधीने लोकगीत सादर केलं. तू परत आलीस तेव्हा मी तुला सरळ विचारलं. मांजरपाटावर रेघ ओढायला तयार नव्हतीस, लग्न नाही म्हणून. मग लग्नाचं गाणं कसं म्हटलंस? तिकडे लग्न कुणाचं होतं, सुकरे?

तू हसलीस. म्हणालीस, "होतं एक." दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणालीस, "तू असतीस तर कळलं असतं." आणि एकदा मी अगदीच मागे लागले, तेव्हा तिथल्या बायांचंच सांगत बसलीस. भाषा कशी कळली, मी विचारलं. "एकीनं हातानं कुंपण दाखवलं. मी पन दाखवलं. मग आमी दोघी जेवलो." माझ्या प्रश्नाला उत्तर म्हणून तू हे सांगत असावीस. मला ते तेव्हा उत्तर वाटलं नाही.

पुढच्या हंगामात तुम्ही गवताचं काम बंद पाडलंत आणि पोलिसांनी तुला धरून नेलं. आम्ही इथे अर्ज करत होतो, कुणी दाद देत नव्हतं. तशात माझ्या दारात तारा यायला लागल्या. पत्ता काय, तर भोईवाडा, परळ, आणि माझं नाव. तू जगभर माझ्या खानावळीचा पत्ता देऊन आली होतीस! तारवाला जिना चढून दमला, म्हणाला, "इंदूताई, खानावळ चालवता की वकिलात?" गणपत म्हणाला, "वकिलात. पण मासळी मिळते." नलूने तारा वाचल्या. कुणी विचारत होतं, काय हवं? कुणी सांगत होतं, आम्ही आमच्या सरकारला तुमच्या सरकारशी बोलायला लावतो. सगळ्यांत एक गोष्ट सारखी होती, तू त्यांची नात्यातली आहेस असं लिहिलेलं. नलू म्हणाली, बहीण वगैरे म्हणायची त्यांच्यात पद्धत असते, काकू. सुमतीबाई तारांचा गठ्ठा घेऊन कलेक्टरसाहेबाकडे गेल्या. तू सुटलीस. तारांमुळे सुटलीस, की पाड्यातल्या बाया विळे टाकून बसल्या होत्या म्हणून, ते मी सांगू शकत नाही. दोन्ही असेल.

आपली शेवटची भेट या चैत्रातली. सीमा ठरल्याचं सगळीकडे जाहीर झालं होतं. तुझा पाडा इकडे आला होता आणि तुझं माहेर पलीकडे गेलं होतं. तू येऊन चुलीपाशी बसलीस. मी म्हटलं, मुंबई मिळाली, सुकरे. तू म्हणालीस, "चांगलं झालं. तुमी लय मार खाल्ला." मनापासून म्हणालीस, हे मला दिसत होतं. फाउंटनला गोळी चालली तेव्हा या चाळीतली माणसं गेली होती, ते तुला माहीत होतं. मग सुपारी कातरत बसलीस. जाताना दारात म्हणालीस, "माहेरच्या वाटेवर हद्दीची पाटी लावतील म्हनं." मला काहीतरी बोलायला हवं होतं. भात लागत होता. मी आत गेले आणि बाहेर आले तेव्हा तू जिना उतरून गेली होतीस.

वैशाख संपता संपता मी तुझ्या पाड्यावर गेले. तुझ्या घरच्यांना भेटायला म्हणून निघाले होते, पण तिथे मांडव घातलेला. तुझं दिवसकार्य उरकलं होतं आणि आधी ठरलेलं लग्न पाऊस लागायच्या आत करायचं होतं. तुझ्या बहिणीची मुलगी जेठी, जिला तू शिकवलंस, ती धवलेरी. पलीकडून, तुझ्या माहेरच्या पाड्यातून, नवऱ्या मुलाकडची माणसं आली होती. येताना वाटेत मी ती पाटी पाहिली. नवी कोरी. तिच्या खांबाला कुणीतरी बकरी बांधली होती.

भिंतीवर चौक लिहिलेला होता. जेठी गायला लागली. मला पहिल्यांदा काही कळेना, मग कानाला सवय झाली. ती एकेक पाडा बोलावत होती. नदी आली, डोंगर आला, पाटीच्या अलीकडचे पाडे आले, आणि न थांबता पलीकडचे. मी पाटीची वाट बघत होते, ती आलीच नाही. मग ती म्हणाली, बर्फातल्या हरणवाल्या बाय, ये. खाणीच्या डोंगरातल्या बाय, ये. आणखी कुठल्या कुठल्या बाया. मांडवात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. शेजारच्या म्हातारीने माझा चेहरा पाहिला असावा. कानाशी येऊन म्हणाली, "त्या सोयरनी. सुकरीनं तिकडं जाऊन जोडल्या. लांब राहतात, याया जमत नाय. पन बोलवाया लागतं."

सोयरनी. म्हणजे लग्नाने जोडलेल्या नात्यातल्या. आम्ही तुला मागण्या घेऊन पाठवलं होतं. मागणी सरकारकडे करायची असते, आणि सरकार त्या सभागृहात नव्हतंच. होत्या त्या तुझ्यासारख्याच बाया. त्यांच्याकडे काय मागणार? त्यांच्याशी तू नातं लावून आलीस. एकदा लग्न लागलं की मागायची गरज राहत नाही, हाक मारली की यावंच लागतं. आणि त्या आल्या होत्या. माझाच जिना चढून आल्या होत्या, तारवाल्याच्या पायांनी. हे सगळं तू मला चार वाक्यांत सांगू शकली असतीस, सुकरे. का नाही सांगितलंस? मी हसले असते म्हणून? हसले असते बहुतेक.

एवढ्यात जेठीच्या तोंडून परळ आलं. परळच्या बाय, ये, पळी घेऊन ये. सगळ्या बाया वळून माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणजे दर लग्नात मला बोलावणं होत होतं आणि मला पत्ता नव्हता. काय करायचं असतं, मी म्हातारीला विचारलं. तिने भाताच्या हंड्याकडे बोट दाखवलं.

मी पदर खोचला. इकडचे आणि पलीकडचे एकाच पंगतीत बसले होते, कोण कुठला ते मला ओळखू येत नव्हतं. गाणं संपवून जेठी पाणी प्यायला आली, तेव्हा राहवलं नाही म्हणून मी तिला विचारलं, "जेठे, परळला, म्हणजे मुंबईला, बोलावलं ते कुणाकडून? मुलीकडून की मुलाकडून? इकडून की तिकडून?"

ती म्हणाली, "मावशीनं ते नाय सांगलं. आदी भात वाढ, बाय. लोकं बसलीत."

मी भात वाढला, शेवटच्या माणसापर्यंत. पण मी अजूनही म्हणते, मुंबई इकडचीच. तुला काय वाटत होतं, ते मात्र मी विचारायला हवं होतं.